जावई हंगेरीचा, मग डोळे तपकिरी कसे?

प्रश्न: ताई नमस्कार. माझी मुलगी नोकरीनिमित्त बुडापेस्टला असते, तिनं तिकडच्याच मुलाशी लग्न केलं. जावई केचकेमेत गावचा, स्वभावाने फार चांगला, तक्रार काहीच नाही. पण लग्नाला त्याची मंडळी नाशिकला आली तेव्हापासून आमच्याकडे कुजबुज चालू आहे. जावयाचे केस जवळजवळ काळे, डोळे तपकिरी, आणि त्याची सख्खी बहीण मात्र सोनेरी केसांची, निळ्या डोळ्यांची. वडलांचे डोळे निळे, आईचे तपकिरी. माझी जाऊ म्हणते हा त्यांचा पोटचा नसणारच, दत्तक असेल, नाहीतर जिप्सी असेल. आता नात चार महिन्यांची झालीय, तिचे डोळे राखाडी-निळे दिसतात, तर आता नवीनच सुरू झालंय की आईचे काळेभोर, बापाचे तपकिरी, मग हिचे असे कसे. माझ्या सासूबाईंचे डोळे घारे होते, त्याचा काही संबंध असेल का? जावयाला नाहीतर विहीणबाईंना सरळ विचारू का? आणि लिहायला लाज वाटते, पण डोळे असेच निळे राहावेत म्हणून काही करता येतं का? जाऊ म्हणते मध घालतात.
एक आजी, नाशिक

उत्तर: आजीबाई, आधी अभिनंदन, नात झालीय हो तुम्हाला! पत्रात ही बातमी शेवटी कुठेतरी आली आणि जाऊबाईंनी अर्धं पत्र खाल्लं.

विचारायचं का, याचं उत्तर आधीच देऊन टाकते. नाही, अजिबात विचारायचं नाही, जावयाला नाही, विहीणबाईंना तर नाहीच. "तुमचा मुलगा तुमचाच ना" हा प्रश्न कितीही गोड भाषेत, कितीही चहापोह्यांच्या आडून विचारला तरी तो तोच प्रश्न राहतो. आणि विचारायची गरजही नाहीये, कारण तुम्ही जे रंग लिहिलेत ते चौघांचे एकमेकांशी अगदी व्यवस्थित जुळतात. कसे ते सांगते, म्हणजे पुढच्या हळदीकुंकवाला तुम्हाला उत्तर देता येईल.

आधी नात. गोऱ्या किंवा उजळ रंगाची बरीच बाळं जन्मतात तेव्हा डोळे निळसर, राखाडी, पाटीच्या रंगाचे असतात, कारण बुबुळात मेलॅनिन हा रंग अजून पुरेसा साठलेला नसतो. गंमत म्हणजे डोळ्यात निळा रंग असा नसतोच कुणाच्या, आकाश निळं दिसतं साधारण त्याच कारणाने कमी मेलॅनिनचा डोळा निळा दिसतो, म्हणजे प्रकाश विखुरला जातो आणि आपल्याला निळं दिसतं. मग हळूहळू मेलॅनिन जमायला लागतं, सहा महिने ते वर्षभरात बराचसा रंग ठरतो आणि काही मुलांचा तर तीन वर्षांपर्यंत बदलत राहतो. त्यामुळे चार महिन्यांच्या बाळाच्या डोळ्यांवरून कुणाचंही काहीही सिद्ध करता येत नाही, जाऊबाईंना तर नाहीच नाही.

आता सख्खी भावंडं वेगळी कशी. आपल्या १५ नंबरच्या क्रोमोझोमवर ओसीए२ नावाचा जीन आहे, मेलॅनिन बनवण्याच्या कामातला, आणि त्याच्या शेजारी एचईआरसी२ नावाच्या जीनमध्ये एक छोटी जागा आहे जी स्विचसारखं काम करते, म्हणजे ओसीए२ किती चालू ठेवायचा ते ठरवते. २००८ साली कोपनहेगन विद्यापीठातल्या संशोधकांनी हे दाखवलं, त्याच सुमारास इतर टीम्सनाही हेच सापडलं. या स्विचच्या दोन कॉप्या असतात, एक आईकडून एक वडलांकडून. दोन्ही फिक्या असल्या तर डोळे बहुतेक निळे-राखाडी, एक जरी गडद असली तर बहुतेक तपकिरी. आता तुमचे व्याही बघा, डोळे निळे म्हणजे दोन्ही कॉप्या फिक्या. विहीणबाईंचे तपकिरी, पण त्यांच्या पोटी निळ्या डोळ्यांची मुलगी आली म्हणजे त्यांच्याकडे एक फिकी लपलेली असणारच. मुलीला आईची फिकी मिळाली, मुलाला आईची गडद मिळाली, संपला विषय! अशा जोडप्याच्या प्रत्येक मुलाच्या वेळी साधारण नाणं उडवल्यासारखं असतं, अर्धी शक्यता निळ्याची, अर्धी तपकिरीची. एक भाऊ तपकिरी आणि एक बहीण निळी हे तर पुस्तकातल्या उदाहरणासारखं झालं.

(हे शाळेतल्या गणितासारखं सोपं करून सांगितलंय बरं का. खरं तर डोळ्यांच्या रंगात बऱ्याच जीन्सचा हात असतो, २०२१ साली जवळपास १,९५,००० लोकांचा डेटा घेऊन झालेल्या अभ्यासात जीनोममधल्या ६१ जागा सापडल्या. म्हणूनच हिरवे, मधाळ, करडे, मध्ये तपकिरी आणि कडेला हिरवट असले सगळे प्रकार असतात, आणि म्हणूनच क्वचित निळ्या डोळ्यांच्या आईवडलांना तपकिरी डोळ्यांचं मूलही होतं. तेव्हा डोळे बघून बाप ठरवण्याचा उद्योग कुणीही करू नये.)

केसांचं अजून अवघड, त्यात शंभराहून जास्त जागांचा हात आहे. सोनेरी केसांशी केआयटीएलजी नावाच्या जीनजवळच्या एका बदलाचा संबंध आहे, लाल केसांचा मुख्य जीन वेगळाच, एमसी१आर, तो १६ नंबरच्या क्रोमोझोमवर. केस आणि डोळे एकत्र पॅकेज म्हणून येत नाहीत, त्यामुळे काळे केस-निळे डोळे किंवा सोनेरी केस-तपकिरी डोळे अशी माणसंही तुम्हाला बुडापेस्टच्या ट्राममध्ये दिसतील. शिवाय मध्य युरोपात लहानपणी पिवळेधमक केस असलेली पोरं वयात येता येता तपकिरी केसांची होतात हे अगदी कॉमन आहे. जावयाचा बालवाडीतला फोटो मागून बघा एकदा, कदाचित जाऊबाईंना धक्का बसेल. आणि हो, त्याच्या बहिणीच्या सोनेरी रंगात पार्लरचा वाटा किती हे आपल्याला माहीत नाही आणि तेही विचारायचं नाही!

पण मला वाटतं खरी अडचण वेगळीच आहे, ती म्हणजे आपल्या डोक्यात "युरोपियन" म्हटलं की सोनेरी केस-निळे डोळे हे एकच चित्र असतं, आणि जावई त्या चित्रात बसला नाही म्हणून घरच्यांना फसवल्यासारखं वाटतंय. तर हंगेरीबद्दल थोडं सांगते, कारण हा देश त्या चित्राला अजिबात दाद देत नाही. युरोपात सगळ्यात फिकट डोळे आणि केस बाल्टिक समुद्राच्या आसपास, तिथून दक्षिणेकडे भूमध्य समुद्राकडे जाल तसं गडद होत जातं, आणि हंगेरी बरोब्बर मधल्या पट्ट्यात. त्यामुळे तिथे तपकिरी केसांच्या सगळ्या छटा, गव्हाळ तपकिरीपासून जवळजवळ काळ्यापर्यंत, आणि डोळे निळे, राखाडी, हिरवे, तपकिरी सगळे, एकाच गावात काय एकाच घरात. तुमच्या व्याह्यांचं घर म्हणजे हंगेरीतलं अगदी नॉर्मल घर आहे.

लोक म्हणतात की हंगेरियन आशियातून आले म्हणून काळे, पण ते इतकं सरळ नाहीये. मॉज्यार म्हणजे मूळच्या हंगेरियन टोळ्या आर्पादच्या नेतृत्वाखाली साधारण ८९५ साली कार्पेथियन डोंगरांमधल्या त्या सपाट प्रदेशात उतरल्या हे खरं, त्यांची भाषा युरल डोंगरांकडची, हान्ती आणि मान्सी या सैबेरियातल्या छोट्या जमातींच्या भाषा तिच्या सगळ्यात जवळच्या, आणि लांबचं नातं फिनिशशी. आता बघा, फिनलंडचे लोक जगातल्या सगळ्यात फिकट डोळ्यांच्या लोकांमध्ये मोडतात आणि हंगेरियन मध्यम, म्हणजे भाषेचं घराणं एक असलं म्हणून रंग एक होत नाही. शिवाय गेल्या काही वर्षांत त्या काळातल्या थडग्यांमधल्या हाडांचा डीएनए काढून अभ्यास झालेत, त्यातून दिसतं की आलेले लोक स्वतःच मिश्र होते, काहींचा वारसा पूर्वेकडचा, काहींचा पश्चिमेकडचा. आणि ते आले तेव्हा तो प्रदेश काही रिकामा नव्हता, आधीचे स्लाव्ह होते, त्यांच्याही आधी पूर्वेकडून आलेल्या आवार टोळ्यांचे वंशज होते, त्यांच्याशी सोयरिकी झाल्या. आजच्या हंगेरियन माणसाचा डीएनए त्याच्या शेजाऱ्यांशी, म्हणजे स्लोव्हाक, ऑस्ट्रियन, क्रोएशियन वगैरेंशी खूप जवळचा आहे, पूर्वेकडून आलेला वाटा आहे पण थोडा. भाषा टिकली, रक्त मिसळत गेलं.

आणि मिसळणं तिथे थांबलंच नाही. १२४१ साली मुही इथे मंगोलांनी हंगेरियन सैन्याचा धुव्वा उडवला, देश उद्ध्वस्त झाला, मग राजा चौथा बेला याने आधी येऊन गेलेल्या कुमान नावाच्या भटक्या लोकांना परत बोलावून मैदानात वसवलं आणि साधारण त्याच काळात कॉकेशसकडचे यास लोकही आले, इराणी गटातली भाषा बोलणारे. यासांचा मुलूख म्हणजे यासशाग, आणि कुमानांचा किश्कुनशाग आणि नॉजकुनशाग. तुमच्या जावयाचं केचकेमेत गाव या किश्कुनशागच्या शेजारीच आहे! गेल्या शतकातल्या मानवशास्त्रज्ञांनी याच भागात गडद केस आणि रुंद चेहऱ्याची माणसं जास्त दिसतात असं लिहून ठेवलंय आणि ते कुमानांच्या खात्यावर टाकलंय. पण त्यात मजा अशी की त्या काळच्या शेजाऱ्यांनी, म्हणजे रशियन आणि जर्मन लोकांनी, कुमानांना जी नावं ठेवली होती ती फिकट, पिवळसर अशा अर्थाची मानली जातात, बहुधा त्यांच्या केसांवरून. म्हणजे ज्यांच्यामुळे हंगेरी "काळी" झाली म्हणतात ते स्वतः भुऱ्या केसांचे होते की काय! मला हे फार आवडतं, कारण रंगावरून इतिहास सांगणाऱ्याची इथे विकेटच पडते.

मग तुर्क आले. १५२६ ला हंगेरियन मोहाचची लढाई हरले, १५४१ ला बुडा तुर्कांकडे गेलं ते १६८६ पर्यंत, आणि १६९९ च्या कार्लोवित्झ तहानंतर तुर्क हटले तेव्हा मधला मोठा मुलूख ओसाड पडला होता. तो भरायला डॅन्यूब नदीतून होड्यांनी जर्मन शेतकरी आले, त्यांना डॅन्यूब श्वाबियन म्हणतात, उत्तरेकडून स्लोव्हाक आले आणि त्यांनी बेकेशचाबा सारखी गावं वसवली, सर्ब १६९० मध्ये मोठ्या संख्येने आले आणि सेंतेन्द्रे गावात राहिले, ज्यू होते, रोमा (ज्यांना जिप्सी म्हणतात ते) होते. म्हणूनच पश्चिमेच्या ऑस्ट्रियाला लागून असलेल्या भागात किंवा उत्तरेच्या डोंगरात पालोत्स लोकांच्या गावांमध्ये (होलोको हे त्यांचं गाव १९८७ पासून युनेस्कोच्या यादीत आहे, मुलीकडे जाल तेव्हा जरूर बघा) फिरताना आणि मैदानात फिरताना चेहऱ्यांचं प्रमाण थोडं बदलल्यासारखं वाटू शकतं. पण थोडंच हं. पहिल्या महायुद्धानंतर १९२० च्या त्रियानॉन तहात देशाचा दोन तृतीयांशाहून जास्त भूभाग गेला, दुसऱ्या महायुद्धानंतर जर्मन वंशाच्या जवळपास दोन लाख लोकांना हाकललं, चेकोस्लोव्हाकियाशी लोकांची अदलाबदल झाली, आणि नंतर खेड्यातले लोक कामासाठी बुडापेस्टला गेले ते वेगळंच. आता गावाचं नाव ऐकून डोळ्यांचा रंग सांगणं जमण्यातलं नाही.

आडनावं बघितलीत तरी कळतं. तिथे आडनाव आधी लिहितात आणि नाव नंतर, आणि सगळ्यात जास्त आढळणाऱ्या आडनावांमध्ये होरवाथ म्हणजे क्रोएट, तोथ म्हणजे स्लाव्ह, नेमेत म्हणजे जर्मन ही सगळी आहेत. म्हणजे एकेकाळी बाहेरून आलेला म्हणून ओळखला गेलेला माणूस, आणि आज त्याचे वंशज अस्सल हंगेरियन. शिवाय फेकेते म्हणजे काळा, फेहेर म्हणजे पांढरा, सोके म्हणजे सोनेरी केसांचा, वोरोश म्हणजे लाल, हीही आडनावं आहेत. गावात सगळेच सोनेरी असते तर कुणाला "सोनेरी" असं आडनाव पडलं असतं का?

आपल्या ओळखीची हंगेरियन माणसंही आठवा ना. बुद्धिबळवाली युदित पोल्गार लालसर केसांची. आणि अमृता शेरगिल! १९१३ साली बुडापेस्टला जन्मली, आई हंगेरियन, वडील पंजाबी शीख. तिची सेल्फ पोर्ट्रेट्स बघा, केस काळे, डोळे काळे, आणि कुणाच्या मनात आलं नाही की ही हंगेरियन कशी. तुमच्या नातीसारखंच घर ते, फक्त शंभर वर्षं आधीचं आणि आईबाप उलटे.

आता जिप्सी. यावर जरा कडक बोलते, राग मानू नका, तुम्ही म्हणाला नाहीत हे मला माहितेय. हंगेरीत रोमा लोक मोठ्या संख्येने आहेत, बहुतेकांची मातृभाषा आज हंगेरियनच आहे, आणि त्यांना तिथे शाळेपासून नोकरीपर्यंत भेदभाव सोसावा लागतो. "जिप्सी" साठीचा तिकडचा शब्द बऱ्याचदा शिवीसारखाच वापरतात. दुसऱ्या महायुद्धात नाझींनी आणि त्यांच्या साथीदारांनी युरोपभर रोमांची कत्तल केली, आणि याच हंगेरीतून १९४४ च्या उन्हाळ्यात दोन महिन्यांच्या आत चार लाखांहून जास्त ज्यूंना रेल्वेच्या डब्यात कोंबून पाठवलं, बहुतेकांना आउशवित्झच्या मृत्युछावणीत. त्या काळात माणसांचे डोळे काचेच्या डोळ्यांच्या पेटीशी आणि केस नमुन्यांच्या बटांशी जुळवून वंश ठरवायचे, त्यातली केसांची पट्टी ज्या ऑयगेन फिशरच्या नावाने ओळखली जाते तो नाझींच्या वंशशास्त्रातला बडा माणूस. त्यामुळे "तुझ्या रंगावरून तू अमुक दिसतोस" हे वाक्य तिथे कुणाच्या जेवणाच्या टेबलावर काय उघडं करेल हे आपल्याला माहीत नसतं, कुणाची आजी वाचली असेल, कुणाची नसेल.

आणि गंमत बघा, रोमांचे पूर्वज साधारण दीड हजार वर्षांपूर्वी आपल्याच देशाच्या वायव्य भागातून निघाले, डीएनए आणि भाषा दोन्ही तेच सांगतात. म्हणजे जावई रोमा असलाच, आणि तुमच्या पत्रातल्या वर्णनावरून असं म्हणायला काहीही आधार नाही, तरी तो आपल्याच लांबच्या भाऊबंदांपैकी निघाला असता. नाशिककरांनी नाक मुरडावं असं त्यात काय आहे ते मला तरी कळलं नाही.

सासूबाईंचे घारे डोळे, हो, चांगली आठवण केलीत. तो फिका स्विच युरोपची मक्तेदारी नाही, आपल्याकडेही कमी प्रमाणात सापडतो. सासूबाई घाऱ्या म्हणजे त्यांच्याकडून तुमच्या मिस्टरांकडे, त्यांच्याकडून तुमच्या मुलीकडे एक फिकी कॉपी लपत लपत आली असण्याची शक्यता आहे, आणि जावयाकडे वडलांची एक आहेच. दोघांनीही नेमकी तीच दिली तर नातीचे डोळे फिके राहूही शकतात. पण हिशोब केला तर फार फार तर चारात एक, आणि तेही सगळं जुळून आलं तर. तपकिरी होतील, मधाळ किंवा घारे होतील अशीच तयारी ठेवा, आणि लाज वाटली लिहिताना हे बरंच झालं म्हणते मी, कारण नातीचे डोळे काळे झाले तर तुमच्या चेहऱ्यावर जे उमटेल ते तिला कळणार आहे. तुमच्या मुलीलाही आत्ताच कळत असेल की व्हिडिओ कॉलवर आई बाळापेक्षा बाळाचे डोळे जास्त बघते.

विहीणबाईंशी बोलायचंच असेल तर एक करा, जुन्या फोटोंचा अल्बम दाखवायला सांगा, पणजोबा-पणजी कुठल्या गावचे, कोण कुणासारखं दिसतं, आणि तुम्ही सासूबाईंचा फोटो पाठवा. भाषेची अडचण असली तरी फोटोंवर बोट ठेवून तासन् तास गप्पा होतात आणि कुणाचं नाक कुणावर गेलं हा विषय तिकडेही आवडीचा आहे. चौकशी वाटणार नाही, उलट बरं वाटेल त्यांना.

जाऊबाईंसाठी लांब भाषण देऊ नका, वरचं एचईआरसी२ वगैरे तर नकोच. "वडलांचे डोळे मुलीला, आईचे मुलाला, आमच्याकडे पण असंच आहे की" एवढं म्हणा आणि वाटीत अजून चिवडा वाढा. परत विचारलं तर परत तेच म्हणा. दत्तक हा शब्द पुन्हा आला तर मात्र सगळ्यांसमोर स्पष्ट सांगा की हे बोलणं या घरात नको, कारण उद्या ते मुलीच्या कानावर जाईल आणि ती तुमच्यावर रागावेल, जाऊबाईंवर नाही.

आणि मध. डोळ्यात मध, दूध, केशर, गुलाबपाणी काहीही घालायचं नाही, त्याने रंग बदलत नाही, इन्फेक्शन मात्र होतं. वर्षाच्या आतल्या बाळाला मध चाटवायचाही नसतो, त्याने बॉट्युलिझम नावाचा गंभीर आजार होऊ शकतो, हे मुलीला तिथल्या डॉक्टरांनीही सांगितलं असेल. काजळही नको, बाजारातल्या काही काजळांमध्ये शिसं सापडलंय, फारच हौस असली तर गालाला तीट लावा. लक्ष ठेवायचं ते रंगावर नाही, या गोष्टींवर ठेवा: दोन डोळ्यांचे रंग एकमेकांपेक्षा अगदी वेगळे व्हायला लागले, बाळ उजेडात डोळे मिटून घेतंय किंवा सारखं पाणी येतंय, किंवा फ्लॅश मारून काढलेल्या फोटोत एका डोळ्याची बाहुली लाल न दिसता पांढरी चमकतेय. यातलं काही दिसलं तर मुलीला म्हणा पुढच्या अपॉइंटमेंटची वाट न बघता त्याच आठवड्यात डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखव, आणि बाहुली पांढरी दिसली तर त्याच दिवशी.